मशीननं पाडलेला दात

“काढून देऊ,” दातांचे डॉक्टर म्हणाले, “नवा बसवायचं आमच्याकडे नाही.”

चारुलताच्या तोंडात आरसा होता, कापूस होता आणि डॉक्टरांची दोन बोटं होती, त्यामुळे तिनं नुसते डोळे हलवले. वाशीच्या विमा दवाखान्यातली ती खुर्ची मागे झुकवली की छतावरच्या पंख्याचं काळवंडलेलं पातं बरोबर नाकावर यायचं. समोरचा वरचा दात तिरका तुटून अर्धा उरला होता, आणि उरलेला मुळापासून डुगडुगत होता. डॉक्टर म्हातारे होते, आवाज कंटाळलेला होता, हात मात्र हलका होता. ते म्हणाले, “घरच्या कारणानं दात गेला तर नियमात फक्त काढणं आहे. कामावर लागलं असेल, कामावरचा अपघात असेल, तर कृत्रिम दात मिळतो. कसं झालं?” बोटं बाहेर आली. आता तोंड मोकळं होतं, बोलायला हरकत नव्हती. कसं झालं म्हणे. केवढासा प्रश्न, भाजीवालीसुद्धा जाता जाता विचारेल असा. पण चारुलताचा उजवा हात आपसूक तोंडावर गेला आणि हाताच्या आडून ती म्हणाली, “लागलं.” “ते दिसतंय,” डॉक्टर म्हणाले. “कशानं लागलं ते पुढच्या खेपेला सांगा. मला लिहावं लागेल.” मग त्यांनी हिरडीत सुई टोचली, थोडं थांबले, गुडघा खुर्चीला टेकवला आणि मूळ पकडलं. दुखलं असं नाही. पण ते मूळ तिच्या हाडाला धरून होतं आणि सोडायला तयार नव्हतं, आणि डॉक्टर ते डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं पिळत होते, आणि प्रत्येक वेळी कवटीच्या आत ओली फांदी मोडल्यासारखा आवाज होत होता. बाहेर कुणाला ऐकू येत नसेल. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मूळ ट्रेमध्ये टण्णकन पडलं. हे सगळं विम्यात फुकट होतं. उपटून घ्यायचं तर हवं तेवढं उपटून घ्या, कुणी नाही म्हणणार नव्हतं.

बाहेरच्या बाकावर कापूस दाबून बसायला सांगितलं होतं. समोर नळ गळत होता. तिची जीभ खड्ड्यापाशी जात होती आणि तिथल्या गरम, खारट लगद्याला शिवून परत येत होती. चिपळूणला लहानपणी दात पडला की आई तो कौलांवर भिरकावायला लावायची, म्हणजे नवा दात येतो म्हणून. चारुलताचा नेम चांगला होता, एकही दात पन्हळीत अडकला नव्हता, सगळे नवे आले होते आणि सगळे सरळ आले होते. कॉलेजात तिच्या हसण्याला मैत्रिणी घाबरायच्या, कारण ती हसली की सर वळून बघायचे. तोंड भरून, वरच्या हिरड्या दिसतील असं हसायची ती, आणि लग्न होऊन सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही ते हसणं काही मेलं नव्हतं. नंदकिशोरनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, बाईमाणसानं एवढं हसू नये. तो हळू बोलायचा. तो नेहमीच हळू बोलायचा. सोसायटीचा सेक्रेटरी होता तो, पाण्याच्या टाकीवरून दोन घरं हातघाईवर आली की लोक त्यालाच बोलवायचे, कारण नंदकिशोरचा आवाज चढत नाही अशी त्याची ख्याती होती. आवाज चढत नव्हता ते खरंच होतं. हात चढत होता. आणि हातालाही शिस्त होती. मारताना तो जागा निवडायचा. दंडाचा वरचा भाग, पाठ, मांडीची बाहेरची बाजू. कळंबोलीला लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे तो माल मोजून घ्यायचा, दिवसभर सळया आणि पत्रे बघून त्याला कुठं किती जोर सोसतो याचा अंदाज आला असणार. घरी यायचा तेव्हा त्याच्या हाताला गंजाचा वास असायचा. साबणानं जायचा नाही. तिला तो वास दारातूनच यायचा आणि तिचे खांदे आपोआप वर सरकायचे, आणि त्या माणसाच्या मनात त्या दिवशी काही नसलं तरी सरकायचे. एवढं तिच्या खांद्यांना शिकवून ठेवलं होतं त्यानं.

दाताचा नेम मात्र त्याचा नव्हता. दात हा अपघातच म्हणायचा. त्याची स्वतःची दाढ दुखत होती ना. चारुलता ज्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला तपासनीस होती, त्या कंपनीची पूर्वी स्वतःची सोय असायची. डॉक्टरचं बिल आणायचं, खाली सही करायची, पगाराबरोबर पैसे यायचे. कुणी विचारायचं नाही की काय झालं, कसं झालं, कुणी केलं. नंदकिशोरच्या दाढेचं रूट कॅनल त्यातच झालं, वर कॅप बसली तीही त्यातच. मग सरकारनं विम्याची पगाराची मर्यादा वाढवली आणि चारुलताच्या पगाराची सगळी माणसं एका फटक्यात कामगार विम्यात आली. कंपनीनं आपली सोय त्यांच्यापुरती गुंडाळली. पर्सोनेलच्या स्वानंद सरांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. हॉस्पिटल आहे, ऑपरेशन आहे, बाळंतपण आहे, कामावर लागलं तर बसून पगार आहे. चांगलीच गोष्ट होती ती. हृदयाच्या ऑपरेशनला माणूस विकला जातो, तो आता जाणार नव्हता, आणि मागच्या बाकावरच्या बायकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. चारुलतानंच विचारलं होतं, “सर, दातांचं काय?” स्वानंद सर हसले. “दातांनी कोणी मरत नाही, मॅडम.” सगळे हसले. तीही हसली, तिच्या त्या हसण्यानं. विम्याच्या कार्डासाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागायचा. नेरूळच्या स्टुडिओत फोटोवाला म्हणाला, मॅडम, स्माइल. तिनं स्माइल दिलं. नंदकिशोरचा हात तिच्या खांद्यावर होता आणि त्यानं अंगठा तिच्या गळ्याच्या हाडावर असा काही दाबला की फोटोत ती हसतेही आहे आणि दचकलेलीही आहे. सरस्वतीबाई, म्हणजे सासूबाई, सुनेच्या विम्यात बसत नव्हत्या म्हणून रुसून बसल्या होत्या. फोटो बघून म्हणाल्या, तुमचं दोघांचं झालं ना, मग झालं.

त्या रविवारी दुपारी नंदकिशोरचा गाल सुजला होता. कॅपच्या खाली काहीतरी नासलं होतं. सकाळपासून लवंग दाबून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, आणि शेवटी त्यानं जुन्या डॉक्टरला फोन लावला. फोन तेव्हा घरी नवा होता, लाल, जड, आणि सासूबाईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. रिसिव्हर कानाला लावून, पलीकडच्या मुलीला थांबवून त्यानं चारुलताला विचारलं, “बिल लावता येईल ना?” चारुलता पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “आता कुठलं बिल. आता विम्यात. विम्यात उपटून देतात.” आणि हसली. त्याच्या दुखण्याला हसली नाही ती. कॅन्टीनमधले स्वानंद सर आठवले म्हणून हसली. पण हसू कशाचं आहे हे त्या सुजलेल्या गालाला कुठून कळणार? रिसिव्हर खालून वर आला. तिला पांढरं दिसलं, मग कपड्यांवर लाल दिसलं, आणि तिला वाटलं, अरे, धुतलेले कपडे. वायरीला लोंबणाऱ्या रिसिव्हरमधून मुलीचा आवाज येत होता, हॅलो, सर, कितीची वेळ लिहू? त्यानं रिसिव्हर उचलला, साडीच्या घडीला पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, “नंतर करतो.” बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. दाताचा तुकडा पलंगाखाली गेला. दुसऱ्या दिवशी तिनं शोधला तेव्हा केर काढून झाला होता. कौलावर टाकायला घराला कौलं कुठं होती म्हणा. पण तो तुकडा आपला होता आणि तो केरात गेला, याचा तिला दाताहून जास्त राग आला. झाडू घेऊन सासूबाईंच्या तोंडावर मारावा असं वाटलं. तिनं चहा टाकला.

कंपनीत तिनं रुमाल तोंडावर धरून काम केलं. पॅकिंगच्या बायका काय आंधळ्या होत्या? पण पॅकिंगमध्ये एक रीत होती, कुणी घालून दिली ठाऊक नाही. कुणाच्या कपाळावर टेंगूळ दिसलं, डोळा काळानिळा दिसला, की कुणी घरचं विचारायचं नाही. बाईनं म्हणायचं, मशीन लागलं. बाकीच्यांनी म्हणायचं, मेलं मशीनच वाईट. मशीन म्हणजे खोक्यांना प्लास्टिकची पट्टी आवळणारं ते हिरवं धूड. पट्टी कधीकधी तुटायची आणि चाबकासारखी उलटायची, हे खरंच होतं. त्यामुळे पॅकिंगमधल्या साऱ्या नवऱ्यांची सारी मारपीट त्या एका मशीनच्या नावावर जमा होती. त्याचं कधी काही बिघडलं नाही. जुन्या सोयीत बिलावर सही व्हायची, मशीन आपलं धाडधाड चालत राहायचं. त्या मशीनवर राहीबाई होती. साताऱ्याकडची, कंत्राटदाराची माणूस, तुर्भ्याला राहणारी, हातानं पोलादी. तिनं एकदा चारुलताकडे नीट बघितलं, रुमाल आपल्या हातानं खाली केला आणि पुन्हा वर लावून दिला. “माज्या मशिनीवर घाला की, बाई,” ती म्हणाली. “तिला काय बोलाया येतंय व्हय? तिनं लई जणींचं पोटात घातलंय.” चारुलताला त्या क्षणी रडू आलं नाही, बरं वाटलं. कुणीतरी आपलं ओझं घेतं आहे असं वाटलं. पुढच्या खेपेला दातांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, मशीनची पट्टी तुटली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच बघितलं, आणि लिहिलं.

चुकलं ते इथं चुकलं. मशीनला बोलता येत नाही हे खरं, पण विम्यात मशीनच्या वतीनं बोलायला माणसं येतात, हे ना राहीबाईला ठाऊक होतं ना चारुलताला. आठवड्याभरात विम्याचे एक साहेब आले. त्यांनी मशीन बंद करायला लावलं. चारुलताला म्हणाले, तुम्ही कुठं उभ्या होतात ते दाखवा. ती उभी राहिली. मान कशी होती, दाखवा. तिनं मान वाकवली. तोंड मशीनच्या दिशेला होतं का? तिनं तोंड मशीनच्या दिशेला केलं. अख्खी पॅकिंग बघत होती आणि तिचं अंग, एक एक अवयव, खोटं बोलत होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं की अंगाला किती सहज जमतं हे. सवय असते अंगाला. मग साहेबांनी राहीबाईला विचारलं, “पट्टी तुम्ही ओढलीत?” राहीबाईनं चारुलताकडे बघितलंसुद्धा नाही. “व्हय, म्याच वडली,” ती म्हणाली. “जरा जास्त वडली आसंल.” साहेब गेले. सोमवारी मशीनवर दुसरीच बाई होती, कोवळी, बिचकलेली, पट्टीपासून लांब उभी राहणारी. चारुलता स्वानंद सरांकडे गेली. ते म्हणाले, “कंत्राटदारानं काढलं तिला. निष्काळजीपणा आहे ना. आपली पर्मनंट नाही ती, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” ती तिथं उभी होती, तोंडावर हात ठेवून. सर, तसं नाही, एवढेच शब्द होते. तसं नाही. त्या दोन शब्दांच्या मागे नंदकिशोर उभा होता, गाल सुजलेला, हातात लाल रिसिव्हर. स्वानंद सर म्हणाले, “आणखी काही?” ती म्हणाली, “नाही.” मग ती बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून स्वतःच्या दंडाला चावली, ब्लाउजवरून, जिथं आधीचं हिरवं पडलेलं होतं तिथं. मधल्या फटीतून कापड आत आलं.

दात आला. गुलाबी पत्र्यासारखी एक पातळ कवळी टाळूला चिकटायची आणि तिच्या पुढच्या कडेला एकच दात, इमानदार नोकरासारखा उभा. ती रोज सकाळी तो चढवायची आणि रोज रात्री वाटीतल्या पाण्यात ठेवायची, आणि वाटीतला तो दात बघून तिला वाटायचं की हा राहीबाईचा आहे. आपण तिच्या तोंडातून काढला. नंदकिशोर खुशीत होता. त्याची दाढ मधल्या काळात विम्यातच उपटून झाली होती, बायकोच्या कार्डावर, आणि त्यानं तक्रार केली नव्हती, कारण फुकट होतं. आणि बायकोच्या दाताची गोष्ट त्याला आता फार आवडायला लागली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो हळू आवाजात सांगायचा की ह्या कंपन्यांना माणसाची किंमत नाही, आमच्या मिसेसचा दात मशीननं पाडला, डोळा जायचा तो वाचला. लोक चारुलताकडे कळवळून बघायचे. पहिल्यांदा तिला वाटलं, काय नट आहे हा. नंतर एकदा तो सांगताना तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. रिसिव्हर त्याच्या डोक्यातून केव्हाच केरात गेला होता. आता त्या रविवारची आठवण सबंध जगात तिच्या एकटीकडेच उरली होती, आणि तीही कवळी घालून गप्प बसली होती. रात्री शेजारी तो घोरत असताना ती मनात पट्टीचं मशीन चालवायची. पट्टी त्याच्या गळ्याभोवती घालायची, खटका दाबायची, मशीन आवळायचं, टाका मारायचं, पट्टी कापायचं. पुढचं खोकं. तिला स्वतःची भीती वाटायची आणि त्या भीतीत झोप चांगली लागायची.

कांदे घ्यायला ती एपीएमसीच्या घाऊक बाजारात गेली होती, सोसायटीतल्या चारजणींचं मिळून एक पोतं घ्यायची पद्धत होती. गाळ्याच्या कडेला बायका सडका कांदा वेगळा काढत बसल्या होत्या, आणि त्यांतली एक उठून पदराला हात पुसत पुढं आली. राहीबाई. डोळे कांद्यानं लाल झाले होते, बोटांच्या चिरांत काळं भरलं होतं. चारुलताला पळून जावंसं वाटलं. राहीबाईच्या हातात विळा असता आणि तिनं तो पोटात घातला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं. राहीबाई म्हणाली, “बसला का दात? दावा बगू.” चारुलतानं ओठ वर केला. राहीबाईनं मान वाकडी करून नीट बघितलं, बाजारात चांगली वस्तू बघावी तशी, आणि मनापासून म्हणाली, “ब्येस झाला की. वळखाया येत न्हाई.” चारुलता म्हणाली, “राहीबाई, माझ्यामुळं तुमचं काम गेलं.” “तुमच्यामुळं कशापायी,” राहीबाई म्हणाली. “म्याच म्हनलं हुतं, मशिनीवर घाला म्हनून. मला काय ठावं, मशिनीसंगं मीबी त्यात आले ते.” ती रागावलेली नव्हती. तेच असह्य होतं. ती परत कांद्यात जाऊन बसली, आणि तिथला तो कुजका, गोडसर वास चारुलताच्या केसांत बसून घरापर्यंत आला.

संध्याकाळी नंदकिशोर कळंबोलीहून आला. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. चारुलता ओट्यापाशी कांदा चिरत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं त्याचं कारण कुणी विचारायची गरज नव्हती. तो मागून आला. गंजाचा वास आला, खांदे वर सरकले. “रडतेस काय,” तो म्हणाला, आणि आज तो खरंच लाडात होता, “दात दाखव बघू. नीट बघितलाच नाही मी.” तिनं सुरी खाली ठेवली. सुरी तिनं मुद्दाम, लांब, सिंकमध्ये ठेवली, हे तिला पुढं पुष्कळ दिवस आठवत राहिलं. त्यानं तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं आणि बैलाचं वय बघतात तसा अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. अंगठा आत आला, दातावरून फिरला, कवळीच्या कडेला टेकला. “मशीननं कामच केलं तुझं,” तो म्हणाला. “जुन्यापेक्षा हा सरळ आहे.”

तिनं तोंड मिटलं.

आधी नख लागलं, मग कातडी, मग कातडीखालचं काहीतरी जे दाताखाली सरकलं, आणि मग हाड. गंजाची चव आली, तिच्यावर गरम, खारट चव आली. तो ओरडला. त्याचा आवाज चढला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सोसायटीतल्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असा. दुसऱ्या हातानं तो मारत होता, कानावर, डोक्यात, जागा न निवडता, आणि प्रत्येक फटक्याला तिचा जबडा आणखी मिटत होता, जणू तोच तिला ढकलून देत होता, घे, अजून घे. तिला काही वाटत नव्हतं, राग नाही, भीती नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सगळ्या अंगाचं एकमत झालं होतं. कवळी टाळूपासून सुटून जिभेवर आली होती आणि तरीही बाकीचे दात, चिपळूणच्या कौलांनी दिलेले, पुरेसे होते. बाहेर सासूबाईंनी टीव्ही बंद केला. एकदम सामसूम झाली. दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “नंदू.” तोंड रक्तानं भरलं म्हणून, श्वास घ्यायला म्हणून, चारुलतानं शेवटी सोडलं. सिंकमध्ये थुंकली, सुरीवर. कवळी जिभेनं जागेवर ढकलली आणि चूळ भरली.

रिक्षात त्यानं अंगठा नॅपकिनमध्ये गुंडाळून छातीशी धरला होता. शेजारच्या गल्लीत खाजगी दवाखाना होता, पण तो म्हणाला होता, टाक्यांना पैसे कशाला, आपलं कार्ड आहे ना. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, फोटोसकट. वाशी जवळ आली तसा त्याचा आवाज पुन्हा खाली आला. “दारात सापडला म्हणायचं,” तो म्हणाला. ती बाहेर बघत होती. तिचा डावा कान वाजत होता, आणि त्या कानातून रिक्षाचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता.

दवाखान्यात संध्याकाळचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी नॅपकिन उलगडला आणि दिवा जवळ ओढला. “दार?” ते म्हणाले. “वर-खाली दोन्हीकडून दात आहेत इथं. हा चावा आहे.” नंदकिशोरनं चारुलताकडे बघितलं, मग भिंतीकडे. “कुत्रं,” तो म्हणाला. “सोसायटीत भटकी कुत्री फार झालीत.” डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, मग कुत्र्याची इंजेक्शनं सुरू करा. नर्स म्हणाली, “चौदा आहेत, पोटात घ्यायची, रोज एक. आज पहिलं. शर्ट वर करा.” आणि नंदकिशोरनं शर्ट वर केला. चारुलता बघत राहिली. त्याचं पोट पांढरं, केसाळ, थरथरणारं होतं. सुई लांब होती. नर्स औषध भरत होती. हा माणूस चौदा दिवस पोटात सुया घेईल पण खरं बोलणार नाही. आणि आपण काहीच बोललो नाही तर रोज सकाळी त्याच्याबरोबर येऊन या बाकावर बसता येईल, आणि त्याला बघता येईल. तिच्या अंगावर सुखाचा काटा आला. खरं सांगायचं तर एवढं सुख तिला लग्नात झालं नव्हतं. पहिली सुई, दुसरी, पाचवी. मग काय? चौदावीनंतर तो शर्ट खाली करेल, आणि पंधराव्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हळू आवाजात सांगेल की आपल्याला कुत्रं चावलं. त्याला तसंच आठवत असेल. आणि राहीबाई कांद्यात बसलेली असेल.

शेजारच्या खोलीतून म्हातारे दातांचे डॉक्टर हात पुसत बाहेर आले. त्यांनी तिला ओळखलं. “काय बाई,” ते म्हणाले, “बसला का नीट? दाखवा.”

चारुलतानं दोन बोटं तोंडात घातली आणि कवळी काढली. ती नर्सच्या ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवली. दातावर अजून लाल होतं.

“कसं झालं ते तुम्ही विचारलं होतंत,” ती म्हणाली. “हे कुत्रं नाही. मी चावले.”

नर्सची सुई हवेत थांबली. नंदकिशोर म्हणाला, “चारू,” हळू, अगदी हळू.

“आणि हा दात मशीननं पाडला नाही. यानं पाडला. फोनच्या रिसिव्हरनं, घरात. राहीबाई तिथं नव्हती. पट्टी तुटलीच नव्हती.”

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बाई, हे मी लिहिलं तर दात परत घ्यावा लागेल,” ते म्हणाले. “आणि पोलिसांना कळवावं लागेल. दोघांचंही. तुमचंसुद्धा.”

“कळवा. कंपनीला पण कळवा. तिला कामावरून काढलंय.”

“विचार करा. नवा दात मग विम्यात नाही मिळणार.”

“म्हणून तर काढून ठेवला.”

नंदकिशोरचा शर्ट अजून वर धरलेलाच होता, सोडायचं त्याला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, टेबलाशी बसले आणि पेनचं टोपण काढलं. पहिल्यापासून सांगा म्हणाले. तिनं रविवारपासून सुरुवात केली, कपड्यांच्या घड्यांपासून. फटीतून वारा जात होता, त्यामुळं शब्द बोबडे आणि ओले येत होते, आणि डॉक्टरांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागत होतं. तिनं प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. उजवा हात मांडीवर होता. तो तिथंच राहिला.